नाकेदारांचा खडू

माझं लग्न झालेलं आहे, मला नोकरी आहे आणि मी चारचौघांत बऱ्यापैकी बोलतो, या तिन्ही गोष्टींचा मला ऐन तारुण्यात फार अभिमान होता. पैकी बोलण्याचा अभिमान वाशीमच्या एका ओसरीवर गळून पडला. लग्न शाबूत राहिलं, पण ते माझ्या कर्तबगारीनं नाही. ते आमच्या घरमालकांमुळं.

हिंगोलीत त्यांना सगळे नाकेदार म्हणत. हैदराबाद संस्थानात बाहेरून येणाऱ्या मालावर महसूल घेणारं जे खातं होतं, करोडगिरी, त्यात त्यांनी हयात घालवली होती. वाशीमच्या रस्त्यावर, जिथं संस्थान संपून इंग्रजांचं वऱ्हाड सुरू व्हायचं, तिथल्या नाक्यावर ते बसत. येणाऱ्याजाणाऱ्याची गाठोडी, पेट्या, पोती उघडून बघायची, नवं कापडचोपड सापडलं तर महसूल घ्यायचा, नाही सापडलं तर सामानावर खडूनं खूण करून सोडून द्यायचं. खूण ठरलेली होती. एक गोल आणि त्यात आडवी रेघ. मी भाडेकरू म्हणून गेलो तेव्हा ते नाक्यावरून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाका काही त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता.

त्यांचं घर स्टेशनच्या अंगाला होतं. रेल्वे त्या वेळी हिंगोलीला येऊन संपायची. पुढं रूळच नव्हते, त्यामुळं स्टेशनाजवळ राहणाऱ्याला जग इथंच संपतं असं वाटलं तर त्यात त्याची चूक नव्हती. मी पेटी घेऊन पडवीच्या पायरीशी उभा राहिलो, तर समोर गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या काळ्या शेरवानीत एक वाळका माणूस टेबलामागं बसलेला. मला वाटलं, आता भाड्याची बोलणी होतील. त्यांनी पेटीकडं बोट केलं.

“खोला.”

मी हसलो. ते हसले नाहीत. मी पेटी खोलली. त्यांनी एकेक कपडा चिमटीत धरून उचलला, माझी वक्तृत्वाची पुस्तकं बाजूला काढली, तळाचा कागद उचलून त्याखाली पाहिलं आणि सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवलं, मी ठेवलं होतं त्याहून नीट. मग झाकणावर गोल आणि गोलात रेघ.

“मास्तर, सहा म्हैन्यांत जाल तुमी,” ते म्हणाले. “पाणी प्यायला भांडं एकच आणलंय.”

त्या घरात मी जवळजवळ सगळी नोकरी काढली.

त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते दिवसातून एकदा तरी ऐकवत. “माणूस तोंडानं काय बी सांगंल. गाठोडं खोटं बोलत न्हाई.” सामानाकडं पाहून माणूस कुठून आला, काहून आला, किती दिवस राहणार, हे आपण बराबर सांगतो असा त्यांचा दावा होता. सांगत ते खरंच. पण ते बराबर निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. शेजारच्यांच्या मेव्हण्याची पिशवी बघून ते म्हणाले, “दोन दिवस.” तो मेव्हणा पावसाळाभर राहिला आणि जाताना शेजाऱ्यांची शेळी घेऊन गेला. एका हळदीच्या व्यापाऱ्याला त्यांनी चोर ठरवलं, तो त्यांच्याच मावसभावाचा व्याही निघाला. चूक निघाली की ते सामानाला दोष देत नसत, माणसाला देत. “गाठोडं बराबर होतं. माणूसच मागून बदलला.”

बाजारातून आणलेली पिशवी पडवीत उघडून दाखवल्याशिवाय आत नेता येत नसे. वांगी ते एकेक फिरवून बघत. माझ्या छत्रीवर खूण होती, घागरीवर होती, दूधवाल्याच्या म्हशीवरसुद्धा एकदा झाली. मी आधी चिडलो, मग लपवाछपवी सुरू केली. एकदा जिलबी सदऱ्याच्या आत दडवून आणली आणि पाक सगळा पोटावर ओघळला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि सदऱ्यावरच खूण केली.

पुढं माझं लग्न होऊन बायको त्या घरात आली. तिचं मात्र त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं. ती पायरीवरूनच सांगायची, “काका, अर्धा शेर मिरच्या, गूळ, आन् कंगवा. कंगवा नवा हाय.” नाकेदार प्रसन्न होत. पिशवी न उघडताच खूण करत. “सूनबाईचं सामान बघायची गरज न्हाई,” ते मला सुनावायचे. तिला ते सूनबाई म्हणत. त्यांना स्वतःची सून नव्हती, मुलगाही नव्हता. बायको फार पूर्वी गेली होती.

गंमत अशी, की उभी हयात सरहद्दीवर काढून त्यांनी ती कधी ओलांडली नव्हती. का, असं विचारलं तर म्हणत, “आमी तिकडं गेलो तर इकडं कोण बघंल?” पलीकडचा मुलूख त्यांना ठाऊक होता तो सामानातून. अकोला म्हणजे लुगडी, नागपूर म्हणजे संत्र्यांच्या करंड्या, मुंबई म्हणजे पत्र्याचे डबे. मुंबईत माणसंसुद्धा राहतात हे ते मान्य करत, पण नाइलाजानं. मी लग्नासाठी वाशीमला जाऊन आलो होतो. तेवढ्या भांडवलावर मी त्यांच्यासमोर परदेश पाहून आल्याच्या ऐटीत बसायचो आणि ते बिचारे ऐकून घ्यायचे. वाशीममध्ये मी पाहिला होता तो फक्त मांडव.

मग इंग्रज गेले, संस्थान म्हणालं आम्ही वेगळेच राहणार, आणि वाशीम खरोखरीचाच परदेश झाला. दिवस वाईट होते. रात्री दारावर कोण थाप मारील याचा नेम नव्हता. बायकोला सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी गाडी पाठवली आणि ती वाशीमला माहेरी निघाली. पडवीत तिची पेटी उघडली गेली. त्या दिवशी तिनं स्वतः होऊन काही सांगितलं नव्हतं, म्हणून असेल. नाकेदारांनी वरचं लुगडं उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला. खूण केली, गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबले, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले,

“मास्तर, सूनबाई परत यायच्या न्हाईत.”

“काहून?”

“पोळपाट-लाटणं घेऊन चालल्या. बाळंतीण होयाला जाणारी बाई पोळपाट नेत न्हाई.”

मी मोठ्यानं हसलो. शेजाऱ्यांच्या मेव्हण्याची आठवण करून दिली. मग आत गेलो आणि पाहिलं, तर पोळपाट खरंच नव्हता.

त्यानंतर रस्ता बंद झाला. वाशीमची मोटार थांबली, येणंजाणं तुटलं. आडवाटेनं एक कासार बांगड्यांचं ओझं घेऊन आला होता, त्यानं सांगितलं, “पोरगी झाली मास्तर, दोघी खुशाल हायेत.” बाप झाल्याची बातमी मला अशी बांगड्यांबरोबर मिळाली. मुलगी पालथी पडली असेल, बसायला लागली असेल, हे सगळं मी अंदाजानं मोजत बसायचो. आणि दर चार दिवसांनी, ज्या माणसाचं भाकीत कधी खरं ठरलं नव्हतं त्याच्याकडं जाऊन विचारायचो, “काका, पोळपाटाबद्दल तुमचं मत पक्कं आहे?”

“सामान बदललं तर मत बदलंल,” ते म्हणायचे. पण माझ्याकडं बघायचे नाहीत.

हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत संस्थान संपलं. एका घरातली भीती गेली ती दुसऱ्या घरात जाऊन बसली, तेही आम्ही पाहिलं. ते दिवस हसत सांगण्यासारखे नाहीत, म्हणून सांगत नाही. दसरा उलटल्यावर वाशीमचा रस्ता मोकळा झाला आणि माणसांचा पूर लोटला. वर्षभर कोंडलेले लोक नुसतं पलीकडं पाय लावून यायला निघाले. मी बायको-मुलीला आणायला निघालो, तर नाकेदार म्हणाले,

“आमी बी येतो. नव्या उघडलेल्या मुलखात एकट्यानं जायचं नसतं.”

त्यांनी दोन दिवस पेटी भरली. कानटोपी, कंदील, घरच्या विहिरीचं पाणी भरलेली मोठी सुरई, कारण परमुलखातलं पाणी बाधतं. साखरा गावचा एक शेतकरी त्याची बैलांची दमणी घेऊन आला. तो सुरईकडं बघत राहिला. “साहेब, आपून काशीला चाललो का?” त्यानं विचारलं. मी वाटेत सासऱ्यांसमोर करायचं भाषण घोकत होतो. त्यात स्वातंत्र्य होतं, नवा काळ होता, पतिपत्नीचं कर्तव्य होतं. बैलसुद्धा ऐकत होते असं मला वाटलं.

नाका आला. म्हणजे नाक्याची जागा आली. आडवा बांबू कोणीतरी गोठ्यासाठी नेला होता. खोलीला दार नव्हतं आणि आत एक शेळी रवंथ करत बसली होती. लोक न थांबता पुढं चालले होते. नाकेदारांनी गाडी थांबवली, पेटी खाली घेतली आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

“काय करून राहिले हे?” गाडीवानानं मला विचारलं. “नाकाच न्हाई तर थांबायचं काहून?”

मी जाऊन हळूच सांगितलं, “काका, आता तपासणी नाही.”

“ते दिसून राहिलं,” ते म्हणाले. “पण आमी जल्मभर दुसऱ्याच्या पेट्या उघडल्या. आमची कोणी उघडली न्हाई. बिनातपासणीचं आमी जाणार न्हाई. तुमी तपासा.”

पलीकडं माझी मुलगी होती, जिचं तोंड मी पाहिलं नव्हतं, आणि मी भर रस्त्यात वाकून एका म्हाताऱ्याची कानटोपी तपासत होतो. भराभरा वरचं उचललं आणि झाकण लावायला लागलो. त्यांनी हात धरला.

“अशी तपासणी असती का? तळाला बघा.”

तळाला, कागदाखाली, जरीच्या काठाचं एक इवलंसं टोपडं होतं. कोरं.

“सापडलं?” त्यांच्या तोंडावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. “नवं कापड. जाहीर न करता नेऊन राहिलो होतो. बराबर पकडलं तुमी.” मग ते त्या शेळीच्या खोलीकडं थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “चला. आता कोणाला काय.”

वाशीम येईपर्यंत ते गाडीतून मान बाहेर काढून बसले होते. तीच ज्वारी, तीच काळी माती, तीच पळसाची झाडं. पण त्यांना सगळं वेगळं दिसत होतं. हवा हलकी आहे म्हणाले. मीही म्हणालो, हलकी आहे. गाडीवान म्हणाला, “भूक लागली असंल.”

सासऱ्यांच्या ओसरीवर आम्हाला बघायला अर्धी आळी जमली होती. आम्ही नवा मुलूख बघायला आलो होतो आणि त्यांच्या लेखी नवा मुलूख आम्हीच होतो. वऱ्हाडात संस्थानाला मोगलाई म्हणत. एका म्हातारीनं मला विचारलं, “काहून बाप्पा, तुमच्या मोगलाईत मीठ मिळते का?” मी मिळतं म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही.

तेवढ्यात दारातून एक मुलगी रांगत आली. माझी. मी हात पुढं केले. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि असा टाहो फोडला की घोकलेलं भाषण डोक्यातून साफ गेलं. मग ती हुंदके देत नाकेदारांकडं वळली आणि शेरवानीची चकचकीत गुंडी धरून गप्प झाली. मी बाप असून तिथं पाहुण्यासारखा बसलो, याचं मला रडू येत होतं. आलंही थोडं.

सासरे वाईट माणूस नव्हते. हिशेबी आवाजात त्यांनी सांगितलं, “जावईबापू, पोरीले मी आता तिकडं धाडत न्हाई. आज रस्ता उघडला, उद्या बंद होईन. तिले इथं करमते. तुमीच इकडं या, शाळा इथंबी हायेत.” आणि दाराआड उभ्या असलेल्या लेकीला विचारलं, “काहो माय, जायचं हाय का तुले?” ती खाली बघत राहिली.

आता माझी पाळी होती. सगळी आळी माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं. त्यातून “ते म्हणजे” एवढंच निघालं. नवा काळ, कर्तव्य, काही काही आठवेना. मी पुन्हा म्हणालो, “ते म्हणजे,” आणि गप्प बसलो.

“सूनबाईचं सामान दाखवा,” नाकेदार म्हणाले.

सासरे चमकले. “काय?”

“आमी नाकेदार. सामान बघितल्याबिगर आमी कोणाला जाऊ देत न्हाई आन् राहू बी देत न्हाई.”

ते असं म्हणाले, की सासऱ्यांना नाही म्हणायचं सुचलं नाही. पेटी ओसरीवर आली. माझी मुलगी एका मांडीवर, तिच्या मुठीत गुंडी, आणि मोकळ्या हातानं नाकेदार एकेक कपडा काढत होते. लुगडी घडी घातलेली, बाळाची झबली घडी घातलेली, वर जुन्या लुगड्याचा पदर घट्ट खोचलेला. तळाशी पोचल्यावर कोपऱ्यातून त्यांनी काहीतरी चिमटीत उचललं, मुठीत घेतलं आणि शेरवानीच्या खिशात टाकलं. मग दाराकडं न बघता सासऱ्यांना म्हणाले,

“हे राहणाऱ्याचं सामान न्हाई. राहणारी बाई कपडे खुंटीला लावती, फडताळात ठेवती. ही पेटी वर्षभर बांधलेली हाय. बाई रोज निघायच्या तयारीत हायेत. माणूस तोंडानं काय बी सांगंल, गाठोडं खोटं बोलत न्हाई.”

मग माझी बायको आत गेली. मला वाटलं, रागावून गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पोळपाट-लाटणं होतं. पोळपाटाला कणीक लागली होती. ती तिनं पदरानं पुसली, पोळपाट पेटीत लुगड्यांवर ठेवला आणि झाकण लावलं. सासऱ्यांनी मान हलवली आणि गाडीला बैल कधी जुंपायचे ते विचारलं.

परत येताना नाक्याच्या जागेवर नाकेदारांनी पुन्हा गाडी थांबवली. शेळी तिथंच होती. या वेळी ते स्वतः दगडावर बसले आणि खिशातून खडू काढला.

“काय जाहीर करायचं?” त्यांनी सूनबाईला विचारलं.

“एक लेकरू,” ती म्हणाली. “नवं हाय.”

“टोपडं?”

“तेबी नवं. काकांनी घेतलेलं.”

त्यांनी मुलीच्या तळपायावर इवलासा गोल काढला, त्यात रेघ. ती खदखदा हसली. माझ्या पिशवीवर खूण केली, सुरईवर केली, गाडीच्या चाकावर केली. गाडीवान म्हणाला, “बैलानं काय घोडं मारलं मग?” तेव्हा बैलावरही झाली. माझ्या बायकोच्या पेटीकडं मात्र त्यांनी नुसतं पाहिलं आणि “चला” म्हणाले. ती उघडली नाही आणि तिच्यावर खडूही लावला नाही. मला वाटलं, दमले असतील. मी अर्थात त्या वेळी मनात माझ्या मौनाचं कौतुक करत होतो. मी बोललो नाही, पण माझ्या बायकोला माझ्या डोळ्यांतलं कळलं आणि ती निघाली, असं मी ठरवून टाकलं होतं. पुढं कित्येक वर्षं मी हेच लोकांना सांगत आलो.

नाकेदार गेले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माळ्यावरची ती पेटी खाली काढली. झाकणावर जातानाची खूण होती. पुसट झाली होती, पण गोल ओळखू येत होता. येतानाची नव्हती. मी सहज म्हणालो, “म्हाताऱ्यानं जगातल्या सगळ्या वस्तूंवर खडू ओढला आणि नेमकी तुझी पेटी विसरला.”

“विसरले न्हाईत,” बायको म्हणाली. “खोट्या मालावर ते खूण करत नसत.”

मला काही कळलं नाही.

“आमच्या घरी उंदीर होते,” ती म्हणाली. “लई होते. बाहेर काढलं की कुरतडायचे, म्हणून कपडे पेटीत दाबून ठेवायची मी. जायच्या तयारीत कुठली? माझं तर काहीच ठरलं नव्हतं. काकांना तळाला लेंड्या सापडल्या. त्या त्यांनी खिशात टाकल्या ते मी दारातून पाहिलं. त्यांना कळलं होतं पेटी काहून बांधलेली हाय ते. आन् तरी सगळ्यांसमोर ते वाक्य म्हणाले. तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.”

“म्हणजे तू...”

“तुमच्यासाठी न्हाई आले मी. तुमी तर ‘ते म्हणजे’च्या पुढं गेला न्हाईत. म्हटलं, हा माणूस जल्मात पयल्यांदा खोटं बोलून राहिला, ते बी माझ्या गाठोड्याच्या तोंडून. त्याला आपण उघडं पाडायचं का? म्हणून पोळपाट आणला.”

एवढं बोलून तिनं पेटी पुसायला घेतली. झाकणावरचा तो गोल तेवढा सोडून बाकीची सगळी पुसली.